घोटभर गोडे पाणी

'गुलाबी थंडी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळलेला आहे की, दिवाळी उलटून पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटले की तो आपोआप तोंडात येतो. गेली वीस-बावीस वर्षे मी जिथे राहतो तिथल्या थंडीला मात्र असा नाजूक रंग नाही. ती पांढरी असते, करडी असते, क्वचित एखाद्या सकाळी निळी. तिच्यात गुलाबी अशी एकच वस्तू मला ठाऊक आहे, ती म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून मिळणारा एक द्रव. दर ऑक्टोबरात असे पाच-सहा कॅन मी विकत आणतो आणि माझ्या होडीच्या पोटात ओततो.

होडी म्हटल्यावर कुणी कोट्यधीशांची चैन डोळ्यांपुढे आणू नये. आमची होडी सत्तावीस फुटांची, शिडाची, वयाने माझ्याहून थोडीच लहान आणि एका जुन्या मोटारीच्या किमतीत मिळालेली. कॅनडात टोरांटोच्या पश्चिमेला ओंटारिओ सरोवराच्या काठाने अनेक मरीना आहेत. मरीना म्हणजे होड्यांचा वाहनतळच म्हणा ना! लाटा अडवणारा दगडी बांध, आत लाकडी धक्क्यांच्या रांगा आणि प्रत्येक होडीची ठरलेली जागा. अशाच एका मरीनात आमची होडी असते. मे ते सप्टेंबर हे पाच महिने ती आमचे सुख आणि उरलेले सात महिने आमची काळजी.

मी मूळचा मालवणचा. वडिलांची होडी होती, त्यांच्या वडिलांचीही होती. तेव्हा पाण्याची ओळख नवी नव्हती. तरी या सरोवराच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा गोंधळून गेलो. समोर क्षितिजापर्यंत पाणी, लाटा, वाळू, वर घिरट्या घालणारे पक्षी. सगळा देखावा समुद्राचा, पण नाकाला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. खारा वास नव्हता, सुक्या मासळीचा नव्हता. ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले. गोडे! आमच्या परसातल्या विहिरीचे असावे तसे गोडे. तीनशे किलोमीटरहून अधिक लांब, अहिल्यानगर या आपल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्याहूनही विस्ताराने मोठे, काही ठिकाणी २४४ मीटर खोल असे हे पाणी. आणि तरी अमेरिका-कॅनडातल्या पाच महासरोवरांत क्षेत्रफळाने ते सर्वांत लहान. बर्फ सोडला, तर जगाच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत साठलेला आहे.

पाणी गोडे आहे याची उन्हाळ्यात गंमत वाटते. हिवाळ्यात तेच पाणी होडीच्या जिवावर उठते.

मालवणात होडीचे वर्ष पावसाभोवती फिरायचे. मृगाच्या आधी, मेच्या अखेरीस, सगळी वाडी जमून एकेक होडी ओंडक्यांवरून ओढत भरतीच्या रेषेच्या वर माडांत नेऊन ठेवायची. मग तिला धुवायचे, फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस काढून नवा ठोकायचा, त्यावर राळ, लाकडाला माशाचे तेल. शेवटी बांबूंचा सांगाडा उभारून माडाच्या झावळ्यांनी ती शाकारायची, घर शाकारतात तशीच. मग नारळी पौर्णिमेपर्यंत विश्रांती. आता महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सरकारी नियमाने असते; तेव्हा ती पावसानेच घातलेली असे.

बाबांना मात्र विश्रांती नसे. भर पावसात दिवसातून एकदा डोक्यावर खोळ घेऊन ते माडांत जायचे, झावळ्यांखाली वाकून होडीच्या तळाशी हात घालायचे आणि चाचपून बघायचे. मी लहान होतो. एकदा विचारले, "बाबा, दर्यातली होडी ती. तिका पावसाच्या पाण्याचा कसला भय?" ते म्हणाले, "खारा पाणी लाकडाक राखता. गोडा पाणी खाता." त्या वयात मला ते कोडे वाटले होते. पुढे कळले की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. समुद्राच्या पाण्यात टिकलेली फळी साचलेल्या पावसाच्या पाण्याने सडते. बाबांनी हे पुस्तकात वाचलेले नव्हते. ते रोज हात घालून बघत, एवढेच.

कॅनडात मृगाची जागा ऑक्टोबर घेतो. आमच्या मरीनात एक दिवस मोठी क्रेन येते आणि सकाळपासून एकेक होडी पट्ट्यांत घालून उचलते, पाणी निथळू देते आणि आवारात लाकडी ठोकळ्यांवर ठेवून चारी बाजूंनी लोखंडी टेकू लावते. त्या दिवशी सगळे सभासद हजर. कुणी दोऱ्या धरतो, कुणी कॉफी वाटतो, कुणी नुसत्याच सूचना करतो. ओंडके आणि आरोळ्या सोडल्या तर हा आमच्या वाडीतलाच प्रकार.

ऑक्टोबरच का, तर नोव्हेंबरची वादळे. माझ्या शेजारच्या धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ आहेत. मरीनात सगळे त्यांना 'कप्तान' म्हणतात, पण कप्तान ते कधीच नव्हते. सारे आयुष्य त्यांनी या सरोवरांतल्या मालवाहू बोटींच्या इंजिनघरात काढले. उन्हाळ्यात पाणी तापलेले असते आणि नोव्हेंबरात त्यावरून उत्तरेचा गार वारा वाहू लागला की ही सरोवरे महासागरासारखी खवळतात. १० नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी सुपीरियर सरोवरात 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाची ७२९ फूट लांबीची बोट लोखंडाचे खनिज घेऊन जाताना बुडाली. तिच्यावरच्या एकोणतीस माणसांपैकी एकही वाचला नाही. कप्तान तेव्हा दुसऱ्या एका बोटीवर होते. दर वर्षी १० नोव्हेंबरला ते धक्क्यावर येतात, थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहतात आणि न बोलता घरी जातात.

होडी वर काढली की शाकारणी सुरू. शिडे उतरवून वाळवायची, गाद्या, पुस्तके, भांडी घरी न्यायची. इंजिनाचे काळे तेल बदलायचे, डिझेलची टाकी भरून ठेवायची म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. आणि मग मुख्य काम, पाणी बाहेर काढणे. इंजिन थंड ठेवायला होडी सरोवराचेच पाणी आत घेते. शिवाय पिण्याच्या पाण्याची टाकी, नळ, मोरी, पंप, संडास असे सगळे संसारी पाणी. ते निपटून काढायचे आणि त्याच्या जागी गुलाबी द्रव खेळवायचा. मोटारीत घालतात तो हिरवा द्रव विषारी असतो. हा गुलाबी त्यामानाने निरुपद्रवी, म्हणून नळांसाठी हाच वापरायचा. नळ सोडला की आधी पाणी, मग फिकट रंग, मग एकदम गुलाबाचे सरबत. आमची लेक लहान असताना दर वर्षी पेला घेऊन उभी राहायची आणि दर वर्षी तिला समजवावे लागायचे.

हा एवढा खटाटोप का? पाण्याच्या एका चमत्कारिक स्वभावामुळे. बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. बंद जागेत सापडलेले पाणी फुगू लागले की ओतीव लोखंडही त्याला अडवू शकत नाही. समुद्राचे पाणी गोठायला उणे दोन अंशांच्या जवळपास जावे लागते, गोडे पाणी शून्यालाच गोठते. त्याच पाण्याचा दुसरा गुण मात्र दयाळू आहे. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. म्हणून हिवाळ्यात चार अंशांचे पाणी तळाशी बसते, त्याहून गार पाणी वर तरंगते आणि बर्फ वरून धरतो. खाली मासे जगतात ते या गुणामुळेच.

हाच गुण वापरून काही लोक होडी हिवाळाभर पाण्यातच ठेवतात. होडीजवळ पाण्याखाली एक विजेचा पंखा टांगायचा. तो तळाचे किंचित उबदार पाणी वर ढकलत राहतो आणि होडीभोवती बर्फ धरू देत नाही. सगळीकडे गोठलेले पांढरे मैदान आणि मध्ये काळ्या पाण्याच्या एकेका खळग्यात एकेक होडी. दिसायला मोठे सुंदर. पण तो पंखा चालू आहे तोवरच.

मी सहसा या फंदात पडत नाही. एकच वर्ष पडलो, २०१३ साली.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मालवणहून फोन आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मिळेल ते विमान पकडून गेलो. गोव्याच्या इस्पितळात पंधरा दिवस, मग घरी. उजवा हात लुळा पडला, शब्द जड झाले, पण माणूस वाचला. घरी आणल्यावर त्यांचे अंथरूण नीट करताना उशाजवळच्या फळीवर मला औषधांची पाकिटे सापडली. रक्तदाबाच्या गोळ्या. तीन महिन्यांच्या, जशाच्या तशा.

मी दर रविवारी न चुकता फोन करत असे. दर रविवारी विचारत असे, "बाबा, गोळ्या घेतास मा?" आणि दर रविवारी तिकडून उत्तर येई, "घेतंय रे." माझे कर्तव्य झाले, त्यांचेही झाले. आई गेल्यापासून घरात दुसरे कुणी नव्हते. फळीपर्यंत हात कुणाचाच गेला नव्हता.

सहा आठवड्यांनी, काकांच्या सुनेवर सगळे सोपवून नोव्हेंबरच्या मध्यावर परतलो. क्रेन येऊन गेली होती. आवारात सगळ्या होड्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खोळी घालून ओळीने बसल्या होत्या आणि माझी एकटी उघडी-बोडकी पाण्यात. कप्तान म्हणाले, "आता क्रेन एकट्यासाठी मागवलीस तर होडीच्या किमतीएवढे पैसे जातील. पंखा लाव. माझीही यंदा पाण्यातच आहे. पण एक अट. थंडीत धक्क्यावर एकट्यानं यायचं नाही आणि जाकीट घातल्याशिवाय यायचं नाही." जाकीट म्हणजे तरंगायचे. थंड पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल तिकडे शिकवला जाणारा हिशेब त्यांनी मला ऐकवला. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात यायला लागते, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. "माणूस थंडीनं मरण्याआधी बोटं वळत नाहीत म्हणून मरतो," ते म्हणाले.

मी दोन दिवसांत घाईघाईने शाकारणी उरकली. इंजिनात गुलाबी द्रव, नळांत गुलाबी द्रव. होडीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे, म्हणजे इंजिनाचे, मोरीचे, संडासाचे, तिथे पितळी झडप असते. त्या सगळ्या बंद केल्या. रविवारी बाबांना फोन केला. जड जिभेने त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "होडी खय आसा?" म्हटले, पाण्यातच आहे. तिकडे बराच वेळ शांतता. मग एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "पाणी जवसर भायर आसा, तवसर होडी आपली. भुतूर इला काय ती पाण्याची. भुतूर पाणी नाय मा?"

भुतूर म्हणजे आत. मी म्हटले, "नाय बाबा."

ते उत्तर मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

२१ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे वादळ आले. त्याला वादळ म्हणावे की नाही कोण जाणे, कारण वारा फारसा नव्हता. नुसता पाऊस होता. पण जमिनीवर, झाडावर, तारेवर टेकल्याबरोबर गोठणारा. सकाळी पडदा बाजूला केला तर सगळे गाव काचेचे झालेले. गवताच्या पात्यापासून विजेच्या खांबापर्यंत प्रत्येक वस्तूवर बोटभर काच. आणि त्या शांततेत मधूनच बंदुकीच्या बारासारखा आवाज. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडत होत्या आणि पडताना तारा तोडत होत्या. एकट्या टोरांटोत सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली. कित्येकांचा नाताळ अंधारात गेला. बंद घरात किंवा गॅरेजमध्ये शेगडी नाहीतर जनरेटर लावल्याने विषारी वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या. आम्ही तिघे एका खोलीत सगळ्या रजया घेऊन बसलो. होडीचे नाव काढताच बायको म्हणाली, "आधी हे घर. ते बुडालं तर तुझे बाबा तिथे, मी इथे, दोघेही तुला बोलू." तिचे म्हणणे खरेच होते.

तिसऱ्या दिवशी कप्तानांबरोबर मरीनात गेलो. बुटांना लोखंडी काटे, हातात राखेची बादली. दोन पावले राख टाकायची, दोन पावले पुढे जायचे. सगळे पंखे बंद पडलेले. पारा आता चांगलाच उतरला होता आणि होडीभोवतीच्या काळ्या खळग्यावर दोन बोटे जाड साय धरली होती. लाकडी दांड्याने ती फोडत आम्ही होडीभोवती फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाताळानंतर वीज आली, पंखा गुरगुरू लागला, पाण्यावर बुडबुडे आले. मी समाधानाने घरी परतलो. बॅटरीला वीज पुरवणाऱ्या चार्जरचे बटण वीज जाताना पडले होते आणि ते पुन्हा वर करायचे असते, हे मी बघितले नाही. बुडबुडे दिसले, तेवढे मला पुरले.

त्यानंतर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पारा उणे वीसच्या आसपास उतरला. तो हिवाळाच कडक होता. मार्चच्या सुरुवातीला पाचही महासरोवरांचा मिळून ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. पण त्याआधी जानेवारीच्या मध्यात दोन-तीन दिवस ऊब आली, पागोळ्या गळू लागल्या, लोकांनी टोप्या काढल्या. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी कप्तानांचा फोन आला. "तुझी होडी खाली बसल्यासारखी वाटतेय. पटकन ये. बायकोला बादल्या घेऊन यायला सांग."

लेकीला शेजारी ठेवून आम्ही पोहोचलो. होडी खरेच चार बोटे खाली गेली होती. दार उघडून बॅटरी पाडली तर आत तळाच्या फळ्या पाण्यावर तरंगत होत्या. मी पाय टाकणार तोच कप्तानांनी दंड धरला. "आधी किनाऱ्याची तार काढ." गोड्या पाण्याचा हा आणखी एक धोका. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहून जाते. गोड्या पाण्यापेक्षा मात्र माणसाचे शरीर विजेला सोपे पडते, म्हणून गळकी तार पाण्यात असली तर ती माणसालाच गाठते. तार काढली आणि उतरलो. गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. पाणी आपोआप उपसणारा पंप गप्प होता. त्याची बॅटरी कधीच उतरली होती.

भोक शोधायला डोळ्यांचा उपयोग नव्हता. पाण्याखाली हात घालून एकेक झडप चाचपत गेलो. इंजिनाची ठीक, संडासाची ठीक. मोरीच्या झडपेला हात लागला तेव्हा बोटांवर पाण्याची धार जाणवली. पितळेच्या पोटाला उभी चीर गेली होती. घाईत ती झडप मी फिरवून बंद केली होती, पण बंद करताना तिच्या पोकळ गोळ्यात घोटभर पाणी अडकून राहते, ते काढले नव्हते. तिला एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करायचा, पाणी काढायचे, तिथे गुलाबी द्रव भरायचा. पाच मिनिटांचे काम. ते घोटभर पाणी उणे वीसमध्ये फुगले आणि पितळ फाडून बसले. बर्फ होता तोवर तोच बूच होऊन राहिला. ऊब आली, बूच वितळले.

कप्तानांनी खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी काढली. ती ताणून झडपेभोवती गुंडाळायची आणि वरून नळीच्या क्लिपा आवळायच्या. मी गुंडाळायला लागलो. चार-पाच वेढे झाले आणि बोटे माझी राहिली नाहीत. दिसत होती, पण ऐकत नव्हती. कप्तान म्हणाले, "हो बाजूला, तुझी दहा मिनिटं झाली." मग पंच्याहत्तरीच्या त्या माणसाने बाही वर करून हात पाण्यात घातला. मी हातपंपाला लागलो, बायको बादल्या उपसत होती. कुणी काही बोलत नव्हते. नुसता पंपाचा खरखराट आणि बाहेर पाणी पडल्याचा आवाज. अर्ध्या तासाने धारेचे थेंब झाले. मध्यरात्रीपर्यंत तळ दिसला.

घरी येऊन गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवून बसलो होतो. मालवणात सकाळ झाली होती. रविवार नव्हता, तरी फोन लावला. बाबांना सगळे सांगितले, न विचारता. झडप, स्क्रू, बटण, सगळे. वाटले होते की बोलतील. ते म्हणाले, "सगळा पाणी कोण ठेवणा नाय रे. घोटभरच रवता." थोडे थांबून म्हणाले, "गोळये घेतंय आता. सून हातावर ठेवता, मगे जाता."

त्या वाक्याने मला झोप आली नाही, आणि बरेही वाटले.

मे महिन्यात होडी क्रेनने वर घेतली आणि तिन्ही झडपा बदलल्या. त्यापुढच्या प्रत्येक हिवाळ्यात ती वेळेवर बाहेर येते, आणि ती बाहेर आली की मी तीन-चार आठवडे मालवणला जाऊ लागलो. फोनवर विचारायच्या गोष्टी तिथे बसून बघितल्या. बाबांबरोबर जेवलो, त्यांच्या गोळ्या मोजल्या, त्यावरून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. २०१७ च्या श्रावणात ते गेले. त्यांच्या फळीवर पाकिटे होती, पण रिकामी.

कप्तानांनी आता आपली होडी विकली आहे. तरी शाकारणीच्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन आवारात येऊन बसतात आणि सूचना करतात. गेल्या ऑक्टोबरात मी शिडे गुंडाळत होतो. लेक आता कॉलेजात आहे. ती आत झडपांशी होती. पाणी, द्रव, स्क्रू, सगळे तिला ठाऊक आहे. मी वरून ओरडून विचारले, "झालं का गं?" म्हणाली, "झालं." मी शिडाकडे वळलो आणि थांबलो. दोरी सोडून खाली उतरलो, मोरीच्या झडपेखाली हात घातला आणि चाचपून बघितले.

तिला राग आला नाही. कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत, आजोबांच्या तोंडचा उचललेला शब्द ती आपल्या कॅनेडियन उच्चारात म्हणाली, "भुतूर सुका आसा, बाबा."